गोलच्या मागचे शिंगाडेमामा

परवा औरंगपुऱ्यात चहा पीत उभा होतो. शेजारी कॉलेजची चार-पाच पोरं परदेशी क्लबांच्या जर्स्या घालून कचाकचा भांडत होती. विषय असा की खरा सपोर्टर कोण. एकाचं म्हणणं, टीम हरत असतानाही ज्यानं जर्सी बदलली नाही तो. दुसऱ्याच्या मते, ज्याला सगळ्या खेळाडूंची नावं नंबरासकट पाठ आहेत तो. तिसऱ्यानं क्लबचं चिन्ह दंडावर गोंदून घेतलं होतं, त्यामुळं त्याच्या दृष्टीनं वाद केव्हाच मिटला होता. माझे पिकलेले केस बघून एकानं विचारलं, "काका, तुम्ही कोणाचे?"

मी म्हणालो, "मंडी इलेव्हनचा."

"ही कुठल्या लीगमधली?"

"आपल्याच. छावणीच्या मैदानावरची."

पोरं हसली. मला राग आला नाही. म्हणजे आला, पण चहाबरोबर गिळला. या वयात कुणाकुणाशी भांडायचं?

घरी येताना मात्र शिंगाडेमामांचा विचार डोक्यातून जाईना. मागच्या हिवाळ्यात मामा गेले. खरा सपोर्टर कोण म्हणाल तर मी त्या एकाच माणसाचं नाव सांगेन. आता गंमत ऐका. या माणसाला फुटबॉलचे नियम शेवटपर्यंत कळले नाहीत. त्यांनी कधी जर्सी घातली नाही, घोषणा दिली नाही. आणि ज्या दिवशी टीमला त्यांची सगळ्यात जास्त गरज होती त्या दिवशी ते सरळ 'नाय' म्हणाले. त्या एका 'नाय'पायी मी त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नाही.

आधी आमची टीम सांगतो. गुलमंडीच्या आसपासची दुकानदार, वायरमन, शिंपी अशी मंडळी मिळून रविवारी खेळायची. कॅप्टन रहीमभाई. त्यांचं शहागंजात अत्तराचं दुकान. माझं गुलमंडीवर वह्या-पुस्तकांचं दुकान आणि टीममध्ये मी गोलकीपर. गोलकीपर का, तर मला पळता यायचं नाही. हरण्यात आमचा हात कोणी धरत नसे. शहराचं नाव बदललं, रस्ते बदलले, पण आमचा स्कोर काही बदलला नाही.

असाच एक रविवार होता. आम्ही सहा गोल खाल्ले होते. समोरच्या टीमचे ढोलवालेसुद्धा कंटाळून निघून गेले होते. सहाव्या गोलचा बॉल आणायला मी आमच्या गोलच्या मागं गेलो तर तिथं एक माणूस उभा. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर घोंगडी. काठीवर हनुवटी टेकलेली आणि एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावलेला. मेंढरांमागं उभं राहतात तसा. बॉल त्यांच्या पायाशीच पडला होता, पण त्यांनी त्याला पाय लावला नाही. नुसतं काठीनं दाखवलं.

मॅच संपल्यावर रहीमभाईंनी विचारलं, "चाचा, किसके साथ आए?"

"कोनासंगं नाय. दौलताबादचा हाय मी. मंडळी हितं दवाखान्यात हायेत. पाच वाजंपस्तोर आत सोडत नाहीत, म्हनून बघत हुबा ऱ्हायलो." मग जरा थांबून म्हणाले, "फुडल्या रविवारी बी हाय का?"

"आहे की," मी म्हणालो.

"येतो मंग."

पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही आले. असे अठरा वर्षं आले. मामांची मेंढरं बापाच्या काळातच संपली होती. ते दौलताबादला एका सीताफळाच्या बागेत राखण करायचे. रविवारी दुपारी पुतण्याला बागेत बसवून बस पकडायचे आणि छावणीला उतरायचे. मोसमात पिशवीत सीताफळं असायची. जिंकलो-हरलो, प्रत्येकाला एक. हरल्यावर फळ खायला लाज वाटायची, पण ती लाज फार दिवस टिकली नाही. तशी टिकली असती तर आम्ही उपाशीच मेलो असतो.

त्यांची जागा ठरलेली, आमच्या गोलच्या मागं. हाफटाइमला आम्ही बाजू बदलली की मामाही काठी टेकत अख्खं मैदान चालून पलीकडच्या गोलमागं यायचे. लोक जिकडं गोल होतात तिकडं उभे राहतात. आमच्या बाबतीत गोल आमच्यावरच व्हायचे, त्या हिशेबानं मामांची जागा बरोबर होती म्हणा. मी एकदा विचारलंही, "मामा, तिकडं कडेच्या लायनीपाशी सावली आहे. इथं उन्हात कशाला?"

"तुज्या मागं कोनीच नसतंय," ते म्हणाले. "बाकीच्यास्नी मागं कोनतरी हाय."

गोलकीपरला हे कळतं. अकरा जणांच्या खेळात तो एकटाच असतो. बॉल तिकडं असला की दहा-दहा मिनिटं कुणी तुमच्याकडं बघत नाही, आणि बघतात ते शिव्या घालायलाच. मला मात्र पाठीमागून तो आवाज यायचा. कधी ओरडणं नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणायचे, "गोली, दोन पावलं डावीकडं." मी सरकायचो. नेहमी फायदा व्हायचाच असं नाही. पण कुणीतरी आपल्याला बघतंय हे कळायचं. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. अठरा वर्षं मी गोलीच. आणि खरं सांगायचं तर अठरा वर्षांत मीही त्यांचा चेहरा कमी बघितला, आवाजच जास्त ऐकला.

दुसरी सवय मोजायची. मैदानात आल्यावर एकदा आणि जायच्या आधी एकदा, बोट हवेत नाचवत मामा आम्हाला मोजायचे. "अकरा हायेत," म्हणायचे आणि मगच बसला निघायचे. रहीमभाई चेष्टा करायचे, "मामा, खुद कू बी गिनो ना. बारा."

मामा गंभीरपणे सांगायचे, "राखनाऱ्याला मोजीत नसत्यात."

या मोजण्यावर आम्ही फार हसायचो. एका मॅचनं आमचं हसू बंद केलं. त्या दिवशी आम्ही चक्क जिंकलो. एक-शून्य, आणि तो एकही त्यांच्याच बॅकनं आपल्या गोलमध्ये घातलेला. काय तो दंगा! मे महिन्याचं ऊन, आणि आम्ही मधोमध एकमेकांच्या अंगावर पडून नाचतोय. एवढ्यात मामांचा आवाज आला. तोच, न ओरडता. "दहाच हायेत."

कोण लक्ष देतो? मी म्हणालो, "मामा, आज मोजायचं सोडा, आज जिंकलोय!"

"जितलाव, पर दहाच हायेत. त्यो तारवाला कुठाय?"

तारवाला म्हणजे आमचा वायरमन साळवे. तो पार पलीकडच्या कॉर्नरपाशी गवतात आडवा पडला होता. ऊन लागून बेशुद्ध. मॅच संपायच्या आधीच पडला असणार, आणि आमच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. त्या दिवशी आमचा पहिला विजय कुणी साजरा केला नाही. मामा बसस्टॉपवर थांबून राहिले, साळवे शुद्धीवर आल्याचा निरोप मिळाला तेव्हा, "झालं मंग, अकरा," म्हणाले आणि बसमध्ये चढले.

माझं बोट मोडलं तेव्हाचीही गोष्ट आहे. बॉल अडवताना करंगळी मागं वाकली. मामांनी घोंगडीवर बसवलं, सीताफळाच्या दोन काटक्या लावून चिंधीनं करकचून बांधलं. म्हणाले, "कोकराचा पाय असाच बांदत्यात. आठ दिस उड्या मारू नगं." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधलं? मी म्हणालो, आमच्या सपोर्टरनं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि ते काटक्या न काढता वरूनच प्लास्टर घालायच्या विचारात पडले.

बरं, भोळे तरी किती! एकदा मैदान एका पुढाऱ्याच्या सभेला दिलं होतं, मॅच रद्द. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना कळवलं, मामांना कळवायचं कुणालाच सुचलं नाही. पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, "मागल्या रविवारी तुमी दिसला नाय. भाषन लई लांबलं बगा. संपल्यावर मॅच हुईल म्हनून हुबा ऱ्हायलो, तर लोकं खुर्च्याच उचलाया लागली." तीन तास हा माणूस गोलच्या मागं उभं राहून भाषण ऐकत होता. आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर रहीमभाईंनी मामांचा नंबर लिहून घेतला. त्या दिवसापासून मामांना फोन करायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं.

आणि एक. मामांनी कधी पंचाला शिवी दिली नाही, आम्हाला देऊ दिली नाही. आमच्यातला एकजण पंचाच्या अंगावर धावला तेव्हा मामांनी काठी आडवी धरली. म्हणाले, "त्यो बी एकलाच हाय रं."

हे सगळं मी आता सांगतोय. तेव्हा यातलं काही मला विशेष वाटलं नाही. माणूस रोज असला की तो असतोच, असं आपण धरून चालतो. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही की मामा, तुम्ही का येता? त्यांच्या मंडळींचं पुढं काय झालं, हेही नाही. अठरा वर्षं तो माणूस आम्हाला मोजत होता, आम्ही त्याला एकदाही मोजलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

मग टीमला उतरती कळा लागली. कुणाचे गुडघे गेले, कुणाला वाळूजच्या कारखान्यात रविवारची शिफ्ट लागली, कुणी पुण्याला गेलं. नवीन पोरं भाड्याच्या टर्फवर दिव्यांच्या उजेडात खेळायला लागली. छावणीच्या खड्ड्यांत कोण येतो? अकराचे नऊ झालो, नऊचे आठ. मामा मोजायचे, "आठ हायेत," आणि काठी टेकत गोलमागं जायचे.

लीगचा नियम असा की एका मोसमात दोनदा वॉकओव्हर दिला, म्हणजे न खेळताच मॅच सोडली, की टीमचं नाव कायमचं कटलं. आमचा एक झाला होता. आणि नियम असाही की कमीत कमी सात जण असल्याशिवाय मॅच सुरू होत नाही.

त्या रविवारी आम्ही सहा होतो.

पंच पंधरा मिनिटं थांबायला तयार झाले. रहीमभाईंनी सगळीकडं फोन लावले. साळवेचा लागला नाही. एकाच्या घरी साखरपुडा. दहा मिनिटं गेली. लीगचे सेक्रेटरी भले माणूस, ते हळूच म्हणाले, "कुणालाही उभं करा हो, मी बघून घेतो. नाव राहू द्या तुमचं." आम्ही सगळ्यांनी एकदमच गोलच्या मागं बघितलं.

रहीमभाई पिशवीतली जादा जर्सी घेऊन धावत गेले. "मामा, ये पहनो. बस खडे रैना है. बॉल कू पाव बी नक्को लगाओ."

मामांनी जर्सीकडं बघितलं. "नाय."

"अरे, पाच मिनट मामा! शिट्टी हुई की बाहर आ जाओ."

"नाय रहीमभाई. मला नगं."

मी पुढं झालो. "का पण मामा? टीम जाईल हो!"

"मी आत गेल्यावर बगंल कोन?" ते म्हणाले.

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. रहीमभाई, ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, ते ओरडले, "कोई नै देखता मामा! अठरा साल से कोई नै देखता हमकू!"

"व्हय," मामा म्हणाले. "म्हनून तर."

पंचांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली. वॉकओव्हर. संपली मंडी इलेव्हन.

मी हातमोजे काढले आणि त्यांच्या पायाशी आपटले. म्हणालो, "तुम्ही कसले हो सपोर्टर? तुमच्यामुळं टीम मेली आमची." आमची म्हणालो. अठरा वर्षं आपली होती ती एका मिनिटात आमची झाली. मामांनी बोट वर केलं. आम्हाला मोजलं. "सहा हायेत," म्हणाले आणि बसला गेले.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांचं तोंड बघितलं नाही. बुटांचे स्टड गंजले. रविवारी दुपारी बायको म्हणायची, दुकान तरी उघडा, नुसते भुतासारखे घरात फिरू नका. कुणी फुटबॉलचं नाव काढलं की मी मामांचा किस्सा सांगायचो आणि लोक म्हणायचे, बघा, ऐनवेळी कामाला येत नाहीत लोक. मला बरं वाटायचं.

मग एकदा शहागंजात रहीमभाईंच्या दुकानात गेलो होतो. बोलता बोलता मी पुन्हा तेच सुरू केलं. रहीमभाईंनी अत्तराची बाटली खाली ठेवली. "बस कर रे. मैं गया था दौलताबाद, माफी मांगने. तेरेकू मालूम बी है वो पहली बार क्यूं आए?"

"बायको दवाखान्यात होती म्हणून."

"हौ. उस दिन पाच बजे वो उनकू जाके बोले, एक टीम देखी, छे गोल खाई. मामी बीमारी में बी हसे बोले. मामी बोले, सहा खाल्ले? आता फुडल्या रविवारी जाऊन बगा, प्वाट भरलं का त्येंचं. मंगल कू मामी गुजर गए."

मी ती अत्तराची बाटली उगाच सरळ करून ठेवली.

"संडे कू ये आए. देखने कू कि पेट भरा क्या. हम सात खाए थे उस दिन." रहीमभाई हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. "मामा बोले, जाऊन बगा म्हनली व्हती, खेळा नाय म्हनली. मैं क्या बोलता? और सुन, वो आज बी आते. हर संडे. बस छुटी तो छुटी, नै तो आते."

"कुणाची मॅच बघायला?"

"किसी की नै."

त्याच रविवारी चार वाजता मी छावणीच्या मैदानावर गेलो. लीगचा मोसम संपला होता. मैदानावर चिटपाखरू नाही, नुसती धूळ आणि दोन्ही बाजूंना लोखंडी गोलपोस्ट. डावीकडच्या गोलच्या मागं मामा उभे होते. काठीवर हनुवटी, एक पाय गुडघ्याला. किती बारीक झाले होते! घोंगडी आता खांद्यावर पेलत नव्हती, काठीवर टाकली होती.

बसमध्ये सगळं ठरवून आलो होतो, माफी कशी मागायची, हात धरायचा की पाया पडायचं. जवळ गेलो आणि त्यातलं एकही केलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागले. मग मी, पन्नाशीतला माणूस, दुकानाच्या चपला घालून गोलमध्ये जाऊन उभा राहिलो. त्यांच्याकडं पाठ करून. समोर कोणीच नव्हतं.

बराच वेळ गेला. मग मागून आवाज आला.

"गोली, दोन पावलं डावीकडं."

मी सरकलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसलं नाही, पुसलं असतं तर मागून कळलं असतं. आम्ही तसेच उभे होतो, तासभर तरी. ना हाफटाइम, ना शिट्टी. त्यांच्या बसची वेळ झाली तेव्हा काठी उचलल्याचा आवाज आला आणि मी वळलो. मामांनी नेहमीसारखं बोट वर केलं, रिकाम्या मैदानावरून सावकाश फिरवलं आणि माझ्यापाशी आणून थांबवलं.

"एक हाय," ते म्हणाले.

"दोन, मामा," मी म्हणालो. "दोन मोजा."

त्यांनी मान हलवली. "राखनाऱ्याला मोजीत नसत्यात रं, गोली."

आणि निघाले. ते काठी टेकत फाटकातून बाहेर पडेपर्यंत, रस्ता ओलांडून बसमध्ये चढेपर्यंत आणि बस सुटेपर्यंत मी गोलमध्ये उभा राहून बघत होतो.